विलीनीकरण आणि गावची बँक : सातारा, सांगली व कुरुंदवाड येथील तीन बँकांचा इतिहास (२००६–२००७)

प्रस्तावना

कंपन्यांचे विलीनीकरण व संपादन हा विषय आपल्याकडे प्रामुख्याने वाणिज्य व व्यवस्थापन शाखेचा मानला जातो. पाठ्यपुस्तकात त्याची व्याख्या येते, प्रकार येतात, फायदे-तोटे येतात आणि उदाहरण म्हणून टाटा स्टीलने एप्रिल २००७ मध्ये पूर्ण केलेली कोरस या युरोपीय पोलाद कंपनीची खरेदी येते. त्याच एप्रिल महिन्यात सांगली बँक ही एक्क्याण्णव वर्षांची संस्था आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. त्याच्या सहा महिने आधी साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक आयडीबीआयमध्ये आणि सात महिने आधी कुरुंदवाडची गणेश बँक केरळच्या फेडरल बँकेत विलीन झाली होती. सप्टेंबर २००६ ते एप्रिल २००७ या आठ महिन्यांत कृष्णाकाठच्या तीन जुन्या बँका नकाशावरून गेल्या. आर्थिक वृत्तपत्रांनी त्या वेळी याची पुरेशी दखल घेतली. इतिहासाच्या अभ्यासकांनी मात्र ती फारशी घेतलेली दिसत नाही.

प्रस्तुत लेखात या तीन विलीनीकरणांचा एकत्रित विचार केला आहे. तिन्ही बँकांचे दुखणे जवळजवळ एकच होते : भांडवल आटले होते. तरीही तिन्ही ठिकाणी भागधारकांच्या, कर्मचाऱ्यांच्या आणि गावाच्या वाट्याला जे आले ते निरनिराळे होते. हा फरक बँकेच्या प्रकृतीमुळे पडला नसून विलीनीकरण कायद्याच्या कोणत्या कलमाखाली व कोणत्या ग्राहकाशी झाले यामुळे पडला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आरंभी संज्ञांचा थोडा खुलासा आवश्यक आहे. 'संपादन' म्हणजे एका कंपनीने दुसऱ्या कंपनीचे नियंत्रण ठेवता येईल इतके भाग विकत घेणे. यात विकली गेलेली कंपनी कायद्याच्या दृष्टीने जिवंत राहते, मालक तेवढे बदलतात. 'विलीनीकरणा'त एक कंपनी आपली मालमत्ता, देणी, करार व कर्मचारी यांच्यासह दुसरीत मिसळते आणि तिचे स्वतंत्र अस्तित्व संपते. व्यवहारात हे दोन शब्द सर्रास एकमेकांऐवजी वापरले जातात. आपल्या तीन बँका दुसऱ्या प्रकारातल्या होत.

कायद्याची जडणघडण

सामान्य कंपनीचे विलीनीकरण करावयाचे असल्यास १९५६ च्या कंपनी अधिनियमातील कलम ३९१ ते ३९४ नुसार उच्च न्यायालयाकडे जावे लागे. २०१३ च्या अधिनियमात ही तरतूद कलम २३० ते २३२ मध्ये आली असून न्यायालयाची जागा राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने घेतली आहे. या पद्धतीत भागधारकांप्रमाणेच धनकोंचीही सभा बोलावली जाते. ज्यांचे पैसे कंपनीकडे अडकले आहेत त्यांना, आपला ऋणको बदलत असताना, मत देण्याचा अधिकार असावा हे तत्त्व त्यामागे आहे.

बँकेचा सर्वात मोठा धनको कोण? तिचा ठेवीदार. परंतु बँकांच्या विलीनीकरणाचा मार्ग वेगळा आहे. बँकिंग नियमन अधिनियम, १९४९ च्या कलम ४४ अ खाली दोन खासगी बँका स्वेच्छेने एकत्र येऊ शकतात. त्यासाठी सभेस हजर असलेल्या भागधारकांचे संख्येने बहुमत आणि मूल्याने दोन-तृतीयांश मत लागते आणि नंतर रिझर्व्ह बँकेची मंजुरी लागते. ठेवीदारांची सभा येथे नाही. कलम ४५ चा मार्ग याहून कठोर आहे. रिझर्व्ह बँकेच्या अर्जावरून केंद्र शासन बँकेच्या व्यवहारांवर अधिस्थगन, म्हणजे व्यवहारात ज्याला मोरेटोरियम म्हणतात ते, लागू करते. एकूण सहा महिन्यांपर्यंत ते चालू ठेवता येते. त्या मुदतीत रिझर्व्ह बँक विलीनीकरणाची योजना तयार करते, तिचा मसुदा सूचना व हरकतींसाठी पाठवते आणि केंद्र शासन तिला मंजुरी देते. येथे भागधारकांचेही मतदान नाही.

इतका कठोर अधिकार का दिला गेला, याचे उत्तर १९६० मध्ये सापडते. त्या वर्षी अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातील पलई सेंट्रल बँक या दोन बँका बुडाल्या. ठेवीदारांत घबराट पसरली. तोवर रिझर्व्ह बँकेच्या हाती दुबळ्या बँकेचे काय करावयाचे याचे दोनच उपाय होते, समज देणे किंवा परवाना काढून घेणे. सप्टेंबर १९६० च्या दुरुस्तीने कलम ४५ ला आजचे स्वरूप आले आणि लगेच १९६१ या एकाच वर्षात तीसच्या आसपास बँकांचे सक्तीने विलीनीकरण झाले. १ जानेवारी १९६२ पासून ठेव विम्याची योजनाही सुरू झाली, तेव्हा विम्याची मर्यादा दीड हजार रुपयांची होती. १९५१ मध्ये देशात साडेपाचशेहून अधिक बँका होत्या, १९६९ मध्ये ही संख्या शंभराच्या आत आली. म्हणजे राष्ट्रीयीकरणाच्या आधीच लहान बँकांची मोठी पिढी विलीनीकरणाने व दिवाळखोरीने संपली होती. या कायद्याचे मूळ विदर्भातील एका बँकेच्या बुडण्यात आहे, ही गोष्ट महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासात अधिक ठळकपणे यावयास हवी.

संस्थापकांचा काळ

तिन्ही बँकांचा जन्म स्वदेशी भांडवलाच्या चळवळीतून झाला. सांगली बँक १९१६ ची. सांगली तेव्हा पटवर्धन घराण्याचे संस्थान होते आणि हळदीच्या व्यापाराने पेठ नावारूपाला येत होती. कुरुंदवाड हेही पटवर्धनांचेच एक लहान संस्थान, कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचे. तेथे १९२० मध्ये गणेश बँक स्थापन झाली. साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ मध्ये वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली होती. त्यांच्याच पुढाकाराने १९३६ मध्ये युनायटेड वेस्टर्न बँक उभी राहिली. जिल्ह्याच्या गावी आयुर्विमा कंपनी काढून ती चालवून दाखवणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. विम्याच्या हप्त्यांतून जमा होणारी बचत व बँकेच्या ठेवी या दोन्हींचा विचार एकाच माणसाने एकाच गावात बसून केला, याचे महत्त्व आपण अद्याप नीट मोजलेले नाही.

चिरमुले यांच्या विमा कंपनीचे पुढे काय झाले हेही येथे सांगणे आवश्यक आहे. १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. १५४ भारतीय कंपन्या, १६ परदेशी कंपन्या आणि ७५ भविष्यनिर्वाह संस्था, अशा एकूण २४५ संस्थांचा व्यवसाय एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. साताऱ्याची वेस्टर्न इंडिया त्यांपैकी एक होती. हे विलीनीकरण कोणत्याही दुबळेपणामुळे नव्हते. ते धोरण होते.

त्याच १९५६ मध्ये युनायटेड वेस्टर्न बँकेने स्वतः एक बँक आपल्यात सामावून घेतली. सातारा स्वदेशी कमर्शियल बँक ही १९०७ ची, म्हणजे वंगभंगानंतरच्या स्वदेशी लाटेतली संस्था होती. काही वर्षांनी युनियन बँक ऑफ कोल्हापूरही युनायटेड वेस्टर्नमध्ये आली. २००६ मध्ये साताऱ्यात 'आपली बँक गेली' अशी जी हळहळ व्यक्त झाली, तीत १९०७ च्या त्या बँकेची आठवण कोणाला झाली असेल असे वाटत नाही. गिळणारी संस्था गावातलीच असली की गिळलेलीचे नाव लवकर विसरले जाते.

१९६९ चे राष्ट्रीयीकरण ५० कोटी रुपयांहून अधिक ठेवी असलेल्या १४ बँकांपुरते होते. पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र त्यात गेली. १९८० मध्ये २०० कोटींची मर्यादा ठेवून आणखी सहा बँका शासनाकडे आल्या. सातारा, सांगली, कुरुंदवाड, तसेच कराड व कोल्हापूर येथील बँका दोन्ही वेळा या जाळ्यातून लहान म्हणून सुटल्या. त्यांना पुढे 'जुन्या खासगी बँका' असे नाव पडले. लहानपणामुळे मिळालेले हे स्वातंत्र्य पुढे त्यांच्या अडचणीचे कारण झाले. बँक ऑफ कराडचा शेवट तर सर्वांच्या आधी झाला. १९९२ च्या प्रतिभूती घोटाळ्यात ती सापडली, तिचे व्यवहार थांबले आणि १९९४ मध्ये तिचा व्यवसाय बँक ऑफ इंडियाकडे गेला.

भांडवलाचा फास

उदारीकरणानंतर बँकेची प्रकृती मोजण्याचे माप बदलले. पूर्वी ठेवी किती, शाखा किती, कर्जवसुली कशी, हे पाहिले जाई. नव्या पद्धतीत बँकेने दिलेल्या कर्जांची जोखीम मोजून तिच्या प्रमाणात स्वतःचे भांडवल किती आहे हे पाहिले जाऊ लागले. हे भांडवल पर्याप्तता प्रमाण मार्च २००० पासून किमान ९ टक्के ठरले. फेब्रुवारी २००५ मध्ये रिझर्व्ह बँकेने खासगी बँकांच्या मालकी व कारभाराविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार प्रत्येक खासगी बँकेची निव्वळ मालमत्ता सदैव किमान ३०० कोटी रुपये असणे आवश्यक झाले.

या नियमाचा अर्थ कुरुंदवाडच्या दृष्टीने लावून पाहावा. गणेश बँकेच्या एकूण ३२ शाखा होत्या, त्यांपैकी २६ कोल्हापूर व सांगली या दोनच जिल्ह्यांत. इतक्या आकाराच्या बँकेने ३०० कोटींचे स्वतःचे भांडवल उभारावे ही अपेक्षा म्हणजे तिने बँक म्हणून राहू नये असे सांगण्यासारखेच होते. थकीत कर्जांचा प्रश्न खोटा होता असे मात्र म्हणता येणार नाही. ओळखीपाळखीवर दिलेली मोठी कर्जे, वसुलीतील ढिलाई, संचालकांतील गटबाजी हे आजार महाराष्ट्रातील लहान बँकांत सर्वपरिचित आहेत आणि त्यांची किंमत शेवटी ठेवीदाराला मोजावी लागते. मार्च २००६ अखेर युनायटेड वेस्टर्नचे भांडवल पर्याप्तता प्रमाण शून्याच्याही खाली गेले होते, सांगली बँकेचे दोन टक्क्यांच्या आत होते. अशा बँकेला हात न लावणे हे नियामकाच्या दृष्टीने बेजबाबदारपणाचे ठरले असते. प्रश्न हात लावावा की नाही हा नव्हता, कसा लावावा हा होता.

१९९८ च्या दुसऱ्या नरसिंहम समितीने याबाबत एक विचार मांडला होता. दुबळी बँक वाचवण्याचे साधन म्हणून सबळ बँकेच्या गळ्यात ती बांधू नये, विलीनीकरण परस्परपूरकतेच्या पायावर व्हावे, असा त्याचा आशय होता. प्रत्यक्षात मात्र घडले ते बहुतांशी उलट.

कुरुंदवाड : न्यायालयाची वाट

७ जानेवारी २००६ रोजी गणेश बँकेवर अधिस्थगन लागू झाले आणि दोनच दिवसांत फेडरल बँकेशी विलीनीकरणाचा मसुदा जाहीर झाला. महिना संपण्यापूर्वी केंद्र शासनाची मंजुरीही आली. हा वेगच वादाचा विषय झाला. आपले म्हणणे ऐकून घेतले गेले नाही, पर्यायी भांडवल उभे करण्याची संधी मिळाली नाही, अशी बँकेच्या बाजूची तक्रार होती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात व तेथून सर्वोच्च न्यायालयात गेले. गणेश बँक ऑफ कुरुंदवाड विरुद्ध भारत सरकार हा निकाल बँकिंग कायद्याच्या अभ्यासात आजही उद्धृत होतो. न्यायालयाने रिझर्व्ह बँकेचा अधिकार मान्य केला आणि २ सप्टेंबर २००६ पासून गणेश बँकेच्या शाखा फेडरल बँकेच्या शाखा म्हणून काम करू लागल्या. जानेवारी ते सप्टेंबर असे जवळजवळ आठ महिने ठेवीदार अनिश्चिततेत राहिले. ठेवी अखेर सुरक्षित राहिल्या. परंतु कुरुंदवाडच्या बँकेचे मुख्यालय आता पेरियार नदीकाठच्या अलुवा या गावी गेले.

एका ३२ शाखांच्या बँकेने सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे, याकडे केवळ संचालकांचा हट्ट म्हणून पाहणे योग्य होणार नाही. कलम ४५ खाली भागधारकाला मत नाही आणि ठेवीदाराला सभा नाही. मग म्हणणे मांडावयाचे तर न्यायालयाशिवाय दुसरी जागा उरत नाही.

सातारा : अठ्ठावीस रुपये

योगायोग असा की, ज्या दिवशी गणेश बँक संपली त्याच दिवशी, २ सप्टेंबर २००६ च्या शनिवारी, युनायटेड वेस्टर्न बँकेवर अधिस्थगन लागू झाले. गणेशोत्सवाचे दिवस होते, अनंत चतुर्दशी चार दिवसांवर होती. ठेवीदाराला दहा हजार रुपयांपर्यंतच रक्कम काढता येईल असे ठरले. बँकेच्या सुमारे २३० शाखा ९ राज्यांतील ४७ जिल्ह्यांत पसरल्या होत्या. गणेश बँकेशी तुलना करता हे फार मोठे प्रकरण होते.

या वेळी घेणाऱ्यांची रांग लागली. डझनाहून अधिक बँका व वित्तसंस्थांनी स्वारस्य दाखवले. महाराष्ट्र शासनाच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या सिकॉममार्फत भांडवल घालून बँक राखावी, अशीही कल्पना त्या दिवसांत पुढे आली होती. अखेर आयडीबीआयची निवड झाली आणि ३ ऑक्टोबर २००६ रोजी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, युनायटेड वेस्टर्न आयडीबीआयमध्ये विलीन झाली. भागधारकांना प्रत्येक भागामागे २८ रुपये रोख मिळाले. ही एकूण रक्कम सुमारे १५० कोटी रुपये होती.

ज्या बँकेचे भांडवल कागदोपत्री संपले आहे तिच्या भागाला २८ रुपये कशासाठी? दोनच वर्षांपूर्वी, २००४ मध्ये, ग्लोबल ट्रस्ट बँक याच कलम ४५ खाली ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्समध्ये विलीन झाली, तेव्हा तिच्या भागधारकांना काहीही मिळाले नव्हते. फरक ग्राहकांच्या गर्दीत होता, आणि गर्दी शाखांसाठी होती. नवी शाखा उघडण्यास रिझर्व्ह बँकेचा परवाना लागे आणि तो सहज मिळत नसे. आयडीबीआय ही १९६४ साली उद्योगांना दीर्घ मुदतीची कर्जे देण्यासाठी स्थापन झालेली संस्था. २००४ मध्ये तिचे कंपनीत रूपांतर झाले आणि एप्रिल २००५ मध्ये तिने आपलीच उपकंपनी असलेली आयडीबीआय बँक स्वतःत विलीन करून घेतली. तिला सामान्य माणसाच्या स्वस्त ठेवी हव्या होत्या, आणि स्वतःच्या शाखा तर युनायटेड वेस्टर्नहूनही कमी होत्या. साताऱ्याच्या बँकेने सत्तर वर्षांत गावोगाव जोडलेले खातेदार तिला एका महिन्यात मिळाले. ताळेबंदात न दिसणारी ही मालमत्ता होती आणि तिचेच ते २८ रुपये होते, असे म्हणावयास हरकत नाही.

याला आणखी एक, कमी चर्चिला गेलेला पैलू आहे. २००५ च्या वित्त अधिनियमाने आयकर कायद्यात कलम ७२ एए घातले. त्यानुसार कलम ४५ खालील योजनेने विलीन झालेल्या बँकेचा संचित तोटा घेणाऱ्या बँकेला स्वतःच्या नफ्यातून वजा करून घेता येतो. साध्या भाषेत सांगावयाचे तर बुडीत बँकेचा तोटा हीच घेणाऱ्याच्या दृष्टीने एक करसवलत ठरते. लिलावात बोली वाढण्याच्या कारणांत याचीही गणना करावी लागेल.

सांगली : मतदानाची वाट

सांगली बँकेचा मार्ग वेगळा होता. तिच्यावर अधिस्थगन लागू झाले नाही. आसपासच्या दोन बँकांचे काय झाले हे तिच्या संचालकांसमोर होते. डिसेंबर २००६ मध्ये सांगली व आयसीआयसीआय या दोन बँकांच्या संचालक मंडळांनी विलीनीकरणास संमती दिली, पुढे भागधारकांच्या सभा झाल्या आणि रिझर्व्ह बँकेच्या मंजुरीने १९ एप्रिल २००७ पासून विलीनीकरण अमलात आले. हे कलम ४४ अ खालील, म्हणजे 'स्वेच्छेचे' विलीनीकरण होते. सांगली बँकेच्या ९२५ भागांना आयसीआयसीआयचे १०० भाग असे प्रमाण ठरले. सांगली बँकेचे भाग शेअर बाजारात नोंदलेले नव्हते, त्यामुळे या भागधारकांच्या हाती प्रथमच बाजारात केव्हाही विकता येईल असा कागद आला. सुमारे ३० टक्के भागभांडवल एकाच कुटुंबाकडे असताना अशा सभेचा निकाल कोणीकडे झुकणार हे उघड होते.

आयसीआयसीआय बँकेला जवळजवळ दोनशे शाखा मिळाल्या, त्यांतील दीडशेहून अधिक महाराष्ट्रात आणि तीसेक कर्नाटकात. कर्मचारी संघटनांनी विरोध केला. विलीनीकरण अटळच असेल तर ते सार्वजनिक क्षेत्रातील बँकेशी व्हावे, अशी त्यांची भूमिका होती. येथे कायद्यातील एक विसंगती नजरेस येते. कलम ४५ खालील सक्तीच्या योजनेत कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती कायम ठेवण्याची आणि तीन वर्षांच्या आत त्यांना घेणाऱ्या बँकेतील समकक्ष पदांप्रमाणे वेतन देण्याची तरतूद कायद्यानेच केली आहे. कलम ४४ अ च्या स्वेच्छेच्या मार्गात कर्मचाऱ्यांचे काय होईल हे योजनेच्या मसुद्यावर सोडले आहे. म्हणजे भागधारकाला जेथे मत आहे तेथे कर्मचाऱ्याला संरक्षण कमी, आणि जेथे भागधारकाला मत नाही तेथे कर्मचाऱ्याला संरक्षण अधिक. ठेवीदाराला दोन्हीकडे मत नाही. त्याच्या ठेवी तेवढ्या दोन्हीकडे शाबूत.

कर्जदार तर या हिशेबात कोठेच बसत नाही. सांगलीच्या पेठेतील अडत्याला हळदीच्या हंगामात किती उचल लागते आणि तो ती केव्हा फेडतो, हे तेथील शाखाधिकाऱ्याला कागदाशिवाय ठाऊक असे. विलीनीकरणाच्या योजनेत कर्जखाते हस्तांतरित होते, हे ज्ञान हस्तांतरित होत नाही. नवा अधिकारी बदलीवर येतो आणि नमुना अर्जाप्रमाणे गुण मोजतो. याच ज्ञानाच्या आडून वशिल्याची कर्जेही दिली गेली, हे वर आलेच आहे. तरीही ते ज्ञान होते. आमच्या सातपुड्यात हे अधिक चांगले कळते. मोलगीहून देवगोई घाट उतरून अक्कलकुव्याला जाणाऱ्या माणसाला बँकेच्या नावापेक्षा खिडकीपलीकडचा माणूस आपली बोली समजतो की नाही, याचे महत्त्व अधिक असते.

नंतरचे वळण

घेणाऱ्या संस्थाही स्थिर राहिल्या नाहीत. ग्लोबल ट्रस्ट बँक सामावून घेणारी ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्स १ एप्रिल २०२० रोजी स्वतःच पंजाब नॅशनल बँकेत विलीन झाली. आयडीबीआय पुढे थकीत कर्जांच्या ओझ्याखाली आली आणि जानेवारी २०१९ मध्ये तिचे ५१ टक्के भागभांडवल आयुर्विमा महामंडळाने घेतले. नंतर हे प्रमाण ४९ टक्क्यांच्या आसपास आले आणि २०२२ मध्ये शासन व महामंडळ या दोघांनी आपला मोठा हिस्सा विकण्यासाठी इच्छुकांकडून प्रस्ताव मागवले. साताऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर यात एक विलक्षण गोष्ट घडली. अण्णासाहेब चिरमुले यांची १९१३ ची विमा कंपनी १९५६ मध्ये महामंडळात गेली, त्यांची १९३६ ची बँक २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये गेली, आणि २०१९ मध्ये महामंडळ आयडीबीआयचे मालक झाल्यावर या दोन्ही संस्थांचे अवशेष पुन्हा एका छताखाली आले. त्या व्यवहाराच्या चर्चेत साताऱ्याचे नाव निघाल्याचे प्रस्तुत लेखकाच्या वाचनात नाही.

कृष्णाखोऱ्यातील आणखी एका बँकेचा उल्लेख येथे करावयास हवा. कोल्हापूरची रत्नाकर बँक १९४३ ची. ती विलीन झाली नाही. २०१० नंतर तिने नवे व्यवस्थापन व बाहेरचे भांडवल आणले, २०१४ मध्ये ती आरबीएल बँक झाली, २०१६ मध्ये शेअर बाजारात आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये दुबईच्या एमिरेट्स एनबीडी या बँकेने तिचे सुमारे ६० टक्के भागभांडवल घेण्याचा करार जाहीर केला. आरंभी सांगितलेला विलीनीकरण व संपादन यांतील फरक या उदाहरणाने स्पष्ट होतो. कायद्याच्या भाषेत कोल्हापूरची बँक जिवंत राहिली. मात्र 'रत्नाकर' हे नाव आद्याक्षरापुरते उरले.

कागदपत्रांचा प्रश्न

इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने सर्वात गंभीर बाब शेवटी नोंदवावीशी वाटते. बँक विलीन होते तेव्हा तिच्या मालमत्तेबरोबर तिची दप्तरेही घेणाऱ्या बँकेकडे जातात. सभांची इतिवृत्ते, कर्जमंजुरीच्या टिपणी, तारणाच्या नोंदी, भागधारकांची यादी. यांतून एका जिल्ह्याची शंभर वर्षांची शेती, व्यापार, जातिव्यवहार आणि स्थलांतर वाचता येते. १९०७ च्या सातारा स्वदेशीची कागदपत्रे १९५६ मध्ये युनायटेड वेस्टर्नकडे आली असतील, तर ती २००६ मध्ये आणखी एक मजल पुढे गेली.

कंपनी अधिनियमात यासंबंधी एक चांगली तरतूद आहे. १९५६ च्या अधिनियमातील कलम ३९६ अ व २०१३ च्या अधिनियमातील कलम २३९ यांनुसार विलीन झालेल्या कंपनीची पुस्तके व कागदपत्रे केंद्र शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय नष्ट करता येत नाहीत. परंतु ही तरतूद त्या प्रकरणाखाली झालेल्या विलीनीकरणांपुरती आहे आणि आपल्या तिन्ही बँका बँकिंग नियमन अधिनियमाखाली विलीन झाल्या. बँकांच्या दप्तरांसाठी १९८५ चे स्वतंत्र नियम आहेत. त्यांनुसार काही नोंदवह्या पाच वर्षे आणि काही आठ वर्षे जतन करावयाच्या असतात. ऑक्टोबर २००६ पासून आठ वर्षे मोजली तर युनायटेड वेस्टर्नच्या शेवटच्या वह्यांची ही मुदत २०१४ मध्येच संपली.

उत्तर महाराष्ट्रालाही आता हा प्रश्न लांबचा नाही. १ मे २०२५ रोजी 'एक राज्य, एक ग्रामीण बँक' या धोरणानुसार महाराष्ट्र ग्रामीण बँक व विदर्भ कोकण ग्रामीण बँक एकत्र करण्यात आल्या. नव्या बँकेचे मुख्यालय छत्रपती संभाजीनगर येथे आहे. या विलीनीकरणास अजून फार काळ लोटलेला नाही. पूर्वीच्या ग्रामीण बँकांचे छापील वार्षिक अहवाल, शाखा उघडल्याच्या नोंदी आणि आदिवासी कर्जदारांच्या योजनांची बंद झालेली दप्तरे जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने किंवा पुराभिलेख संचालनालयाने लेखी मागणी करून ताब्यात घेतली, तर त्यासाठी कोणताही कायदा बदलावा लागणार नाही. व्यक्तिगत खात्यांची गोपनीयता राखून काय देता येईल याची यादी बँकेकडून मागवणे, एवढेच पहिले काम आहे.